शिवारातल्या शर्यती

मंडळी, पहाटे साडेपाच-सहाच्या सुमाराला जालन्याहून भोकरदनकडे किंवा अंबडकडे निघालात, तर रस्त्याच्या कडेनं धावणारी पोरं हमखास दिसतील. आता पोरीही दिसतात, आणि मला तर त्याच आधी दिसतात! यातली बहुतेक मंडळी पोलीस भरतीची तयारी करणारी. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. या तयारीतूनच गावोगावी शर्यतींचं पेव फुटलं आहे. कधी २६ जानेवारी, कधी शिवजयंती, कधी मुक्तिसंग्राम दिन, कधी गावच्या जत्रेचा दुसरा दिवस. अंतर असतं तीन किंवा पाच किलोमीटर, पण फ्लेक्सवर ‘भव्य मॅरेथॉन’! मॅरेथॉन ४२ किलोमीटर १९५ मीटरची असते, हे मी इतक्या जणांना सांगितलं आहे की आता मला पाहिलं की पोरं ‘बाई, मिनी लिहिलंय हो’ म्हणून आधीच सांगून टाकतात.

रस्त्यावर वाहनं वाढली म्हणून या शर्यती हळूहळू शिवारात शिरल्या. पांदण, ओढ्याचा काठ, गायरान, पाझर तलावाचा बांध असा मार्ग. मला हे आवडतं. पण गेली काही वर्षं या शर्यती जवळून पाहते आहे, आणि मनात एक विषय घोळतो आहे, तो आज लिहिते. इतिहास शिकवण्यात उभा जन्म गेला, त्यामुळे सुरुवात मागूनच होणार. जरा सांभाळून घ्या.

पळणं आपल्याकडे नवीन नाही. रेल्वे आणि तारायंत्र येण्यापूर्वी टपाल माणसाच्या पायांवर चालायचं. मराठेशाहीत जासूद, पुढे डाकेचे हरकारे. हातात घुंगरं लावलेली काठी किंवा भाला, खांद्यावर थैली, आणि ठरलेल्या टप्प्यावर थैली पुढच्याच्या हाती. आता यात व्यवस्था किती होती बघा. टप्पे ठरलेले, माणूस ठरलेला, वेळ ठरलेली. पळणाऱ्यानं फक्त पळायचं. बाकीची काळजी दुसऱ्या कुणीतरी आधीच केलेली. आजच्या शर्यतीत नेमकी हीच गोष्ट हरवते, असं मला वाटतं.

खरी गोष्ट मात्र पुण्याची आहे. डेक्कन जिमखाना १९०६ साली स्थापन झाला. सर दोराबजी टाटा त्याचे अध्यक्ष होते. इंग्लंडात शिकलेले, तिथले सगळे मैदानी खेळ खेळलेले. १९२९ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांना लिहिलेल्या एका पत्रात त्यांनी जिमखान्यातल्या सुरुवातीच्या सामन्यांची हकीकत सांगितली आहे. पळणारे बहुतेक शेतकऱ्यांचे मुलगे. शेतात राबणारे, साधं खाणारे, अनवाणी. युरोपातले नियम त्यांना ठाऊक नव्हते, आणि शिकवणाराही कुणी नव्हता. मैदान लहान आणि ओबडधोबड. आयोजक शंभराच्या शर्यतीच्या फेऱ्या चक्क वळणावर घ्यायला निघाले होते, आणि तेही प्रत्येकाची पट्टी आखणाऱ्या दोऱ्या न लावता! सरळ काय नि वळण काय, पळायचं म्हणजे पळायचं, असा सगळा मामला. वळणावर आतल्या बाजूच्याला कमी पळावं लागतं, हे कुणाच्या ध्यानातच आलेलं नव्हतं.

आणि तरीसुद्धा लांब पल्ल्याच्या शर्यतीत या पोरांच्या वेळा युरोपच्या तोडीच्या होत्या. सगळ्यात लोकप्रिय शर्यत होती सुमारे पंचवीस मैलांची. पुढे अशीच एक शर्यत बघायला मुंबई इलाख्याचे गव्हर्नर जॉर्ज लॉईड आले होते. ही पोरं ऑलिंपिकला न्यायची, ही कल्पना त्यातूनच पुढे आली. १९२० साली बेल्जियममध्ये अँटवर्पला सहा जणांचा संघ गेला. चार धावपटू, दोन मल्ल. मल्लांपैकी एक कुमार नवले, दुसरे शिंदे. धावपटूंत बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले होते. त्या वेळची मॅरेथॉन ४२.७५ किलोमीटरची, म्हणजे आजच्या अंतराहून अर्ध्या किलोमीटरनं जास्त. चौगुल्यांनी ती २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत पुरी केली आणि एकोणिसावे आले. शंभर वर्षांपूर्वी, बेळगावकडचा एक माणूस! हे नाव आपल्या पाठ्यपुस्तकात मला कधी आढळलं नाही. वर्गात मी ते आवर्जून सांगायचे.

या गोष्टीचा अभिमान वाटतो, तसं थोडं वाईटही वाटतं. पायात ताकद होती, छातीत दम होता. कमी होती ती दोरीची, फक्कीची आणि नियम समजून सांगणाऱ्या माणसाची. दोराबजींचं मोठेपण मला यात वाटतं, की त्यांनी वळणावरची शर्यत बघून नाक मुरडलं नाही. पळणारा चांगला आहे, कमतरता आयोजनात आहे, हे त्यांनी ओळखलं. आपण बरेचदा उलटं करतो.

पण साहेब लोकांना तरी सगळं जमत होतं, असं समजू नका हं. १९०४ साली अमेरिकेत सेंट लुई इथं ऑलिंपिक झालं. तिथली मॅरेथॉन म्हणजे शर्यत कशी घेऊ नये याचा वस्तुपाठच! ऑगस्टअखेरचं ऊन, दुपारची वेळ, धुळीचे कच्चे रस्ते, आणि पुढेमागे पंचांच्या मोटारी. सगळी धूळ पळणाऱ्यांच्या नाकातोंडात. वाटेत पाण्याची सोय जवळजवळ नव्हतीच. तहानेचा शरीरावर काय परिणाम होतो हे आयोजकांना बघायचं होतं, असं सांगतात. ३२ जण सुटले, १४ पोचले. एकजण धुळीनं रक्ताची उलटी होऊन मरता मरता वाचला. एकजण दमल्यावर काही मैल मोटारीतून आला, पुन्हा उतरून पळाला आणि पहिला आल्याच्या थाटात मैदानात शिरला! पुढे त्याचं बिंग फुटलं. ज्याला विजेता ठरवलं, त्याला वाटेत ब्रँडी आणि कुचल्याचं विष थोडं थोडं पाजत पळवलं होतं. दक्षिण आफ्रिकेतून आलेल्या लेन टाऊन्याने याच्या मागे तर कुत्रं लागलं, आणि तो मार्ग सोडून लांबवर पळाला. तरीही नववा आला. कुत्रं लागलं नसतं तर कितवा आला असता, कोण जाणे. आमच्या वस्त्यांवरची कुत्री ज्यांना माहीत आहेत, त्यांना याचं हसू येणार नाही.

त्यानंतर वीस वर्षांनी, १९२४ साली पॅरिसला, शेतातून-माळातून पळायची क्रॉसकंट्री शर्यत ऑलिंपिकमध्ये होती. जुलै महिना. उष्णता चाळीस अंशांच्या आसपास होती, असं नमूद आहे. वाटेत वीजनिर्मिती केंद्राचा धूर. ३८ जण निघाले आणि पोचले फक्त १५. फिनलंडचा पावो नुर्मी जणू काही झालंच नाही असा पहिला आला. पण बाकीच्यांपैकी कुणी चक्कर येऊन पडलं, कुणी भरकटलं. याचा परिणाम काय झाला? क्रॉसकंट्री ऑलिंपिकमधून जी गेली, ती आजतागायत परत आली नाही. वेळ चुकली, ऊन बघितलं नाही, आणि शिक्षा झाली ती खेळाला.

बायकांच्या बाबतीत तर याहून वाईट घडलं. १९२८ साली ॲमस्टरडॅमला बायका पहिल्यांदा ८०० मीटर पळाल्या. शर्यत संपल्यावर काही जणी दमून खाली बसल्या. दमणारच की! पण वर्तमानपत्रांनी ‘बायका कोसळल्या’ म्हणून तिखटमीठ लावून छापलं आणि ही शर्यत बायकांना झेपत नाही असं ठरलं. ती पुन्हा सुरू झाली १९६० साली. बत्तीस वर्षं! आज भरतीला आमच्या पोरी पळतात, ते अंतर हेच. म्हणजे ज्या अंतरावर जगानं बत्तीस वर्षं बंदी घातली, ते आमच्या ऊसतोड मजुराची मुलगी पहाटे अंधारात पार करते. मी नोकरीला लागले तेव्हाही ‘मुलींची शर्यत कशाला, कुणी पडलं-झडलं तर?’ असं विचारणारे होते. पडू नये म्हणून वाट साफ करा, असं कुणी म्हणत नसे. शर्यतच रद्द करणं सोपं वाटायचं.

आता या शिवारातल्या पळण्याचं मूळ बघा. इंग्लंडातल्या शाळांत ससा आणि शिकारी कुत्र्यांचा खेळ असे. पुढे पळणारी दोन-तीन मुलं कागदाचे कपटे टाकत जायची आणि मागची टोळी ते बघत बघत माग काढायची. क्रॉसकंट्रीचा उगम तोच. म्हणजे वाटेवर खूण करणं हा या खेळाचा जन्मापासूनचा भाग आहे, नंतर सुचलेली चैन नव्हे. दुसरा प्रकार स्टीपलचेस. स्टीपल म्हणजे चर्चचा उंच मनोरा. एका गावच्या मनोऱ्यापासून दुसऱ्या गावच्या मनोऱ्यापर्यंत, मधली कुंपणं-ओढे ओलांडत आधी घोडेस्वार जायचे, मग माणसं पळू लागली. आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं मांडवा हे गाव, तिथला अविनाश साबळे या शर्यतीत २०२२च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक घेऊन आला. वेळ ८ मिनिटं ११.२० सेकंद, सुवर्णपदक हुकलं ते सेकंदाच्या विसाव्या भागानं. पुढच्याच वर्षी हांगझोच्या आशियाई स्पर्धेत त्यानं सुवर्ण घेतलं. लहानपणी शाळेसाठी रोज काही किलोमीटर पायपीट करणारा हा मुलगा सैन्यात गेला आणि तिथल्या क्रॉसकंट्रीतून पुढे आला. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर हीच शर्यत पळत २०१६ साली रिओच्या अंतिम फेरीत गेली आणि दहावी आली. आष्टी काय नि माण काय, दोन्ही दुष्काळी. आमचे घनसावंगी, मंठा, जाफराबाद तरी कुठे वेगळे आहेत?

म्हणूनच या लहान शर्यतींकडे ‘पोरांचा खेळ’ म्हणून बघू नये, असं माझं म्हणणं आहे. कुणाच्या तरी आयुष्यातली पहिली शर्यत ती असते.

आणि त्या पहिल्या शर्यतीत आपण काय करतो? दोन वर्षांपूर्वी जवळच्याच एका गावातली शर्यत बघायला गेले होते. गावाचं आणि मंडळाचं नाव लिहीत नाही, मुलं मनापासून राबली होती. साडेसातला सुटायची शर्यत पाहुण्यांची वाट बघत सव्वानऊला सुटली. मुलींमध्ये एक नववीतली पोर चांगली पुढे होती. पांदण जिथे फुटते तिथे खूण नव्हती, माणूसही नव्हता. ती डावीकडे गेली. मागच्या तिघींना एका म्हाताऱ्या गुराख्यानं हाक मारून उजवीकडे वळवलं. ही पोर अर्धा-पाऊण किलोमीटर जाऊन परत आली तेव्हा बक्षीस समारंभ सुरू होता. तिच्याबद्दल कुणी विचारलंही नव्हतं, कारण सुटल्या किती आणि आल्या किती, हे कुणी मोजलंच नव्हतं. ती ज्या वाटेनं गेली, त्या वाटेला ओढ्याजवळ एक जुनी विहीर आहे. कठडा नसलेली, तोंडाशी गवत माजलेलं. मी घरी आले, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. विहीर डोळ्यांसमोरून जाईना.

कुणी म्हणेल, बाई उगाच घाबरवताहेत. मग दोन अलीकडच्या गोष्टी सांगते. २२ मे २०२१ रोजी चीनच्या गान्सू प्रांतात शंभर किलोमीटरची डोंगरातली शर्यत होती. १७२ स्पर्धक. अचानक थंड पाऊस, गारा आणि सोसाट्याचा वारा आला. अंगात पातळ बनियन आणि अर्धी चड्डी, कारण जाकीट जवळ ठेवण्याची सक्ती नव्हती. सगळ्यात अवघड चढावर मदतीची सोय नव्हती. २१ जण गारठून मेले, त्यात त्यांचा नामांकित विजेताही होता. सहा जणांना वाचवलं ते एका मेंढपाळानं, आपल्या आसऱ्याच्या गुहेत नेऊन. दुसरी गोष्ट आपल्याच देशातली. २०२४च्या ऑगस्टमध्ये झारखंडात उत्पादन शुल्क शिपायांच्या भरतीत दहा किलोमीटर पळवलं गेलं. उकाड्यात, तासन् तास रांगेत उभं राहून. दहापेक्षा अधिक तरुण दगावले, आणि मग चाचण्या काही दिवस थांबवल्या. मेल्यावर थांबवल्या.

आता कुणी म्हणेल, सुधारणा करायच्या तर पैसा लागतो. मोठ्या शहरांतल्या शर्यतींत बुटाला चिप लावतात, ते आम्ही कुठून आणणार? त्यावर मला एक उदाहरण फार आवडतं. लंडनच्या बुशी पार्क बागेत २ ऑक्टोबर २००४ रोजी (हो, गांधीजयंतीलाच!) तेरा जण पाच किलोमीटर पळाले. पॉल सिंटन-ह्यूइट नावाच्या गृहस्थांनी सुरू केलेली ही फुकट शर्यत आज ‘पार्करन’ नावानं अनेक देशांत दर शनिवारी होते. सुरुवातीला त्यांच्याकडे काय होतं? एक घड्याळ, आणि लोखंडी सामानाच्या दुकानातून आणलेले वायसर! वायसरवर आकडे ठोकलेले. येईल त्याच्या हातात पुढचा वायसर द्यायचा आणि घड्याळावरची वेळ लिहायची. कितवा आला यावरून भांडण नाही. जालन्यात लोखंडाला काय तोटा?

आमच्या गावच्या तरुण मंडळानं यंदा मला ‘दोन शब्द’ बोलायला बोलावलं होतं. मी म्हटलं, शब्द नकोत, कागद देते. तो कागद इथे उतरवते आहे. तुमच्याही उपयोगी पडेल.

१. शर्यत डिसेंबर-जानेवारीत ठेवा, सकाळी सातच्या आत सोडा. पाहुणे बक्षिसाला आले तरी चालतात. कोवळ्या उन्हात पोरं घरी पोचली पाहिजेत.

२. आठ दिवस आधी मार्ग पायी चाला, आणि ज्यांच्या बांधावरून जातो त्या शेतकऱ्यांना भेटून विचारा. हरभरा घाट्यावर असताना दोनशे पोरं शेतातून गेली तर तो शिव्या देणारच, आणि त्याचं बरोबर आहे.

३. मार्गाच्या आसपासच्या प्रत्येक उघड्या विहिरीपाशी आडवी काठी, लाल फडकं आणि एक मोठा माणूस. यात तडजोड नाही.

४. ज्वारीची धसकटं आणि पऱ्हाटीचे खुंट असलेला तुकडा टाळा. आपली निम्मी पोरं अनवाणी पळतात. बाभळीचे काटे आदल्या दिवशी झाडून काढा.

५. जिथे वाट फुटते तिथे फक्कीचा बाण आणि एक माणूस. चुकीच्या वाटेवर फक्कीची आडवी फुली. वस्तीवरच्या लोकांना आदल्या दिवशी सांगून कुत्री बांधायला लावा.

६. सुटताना मोजा, आल्यावर मोजा. सगळ्यांच्या मागून एक जाणता माणूस चालत येईल. तो आल्याशिवाय शर्यत संपली असं म्हणायचं नाही.

७. दोन ठिकाणी पाणी, शेवटी जलसंजीवनी. गावच्या आरोग्यसेविकेला आधी कळवा आणि १०८ची गाडी जिथपर्यंत येऊ शकते ती जागा सगळ्यांना माहीत असू द्या. छातीत दुखतं म्हणणाऱ्याला ‘दम धर’ म्हणू नका, थांबवा.

८. मुलींचं अंतर सांगून-सवरून ठरवा, दयेनं कमी करू नका. बक्षीस सारखंच. कपडे बदलायला शाळेची एक खोली उघडी ठेवा.

९. निकाल त्याच दिवशी फळ्यावर लिहा. पहिल्या तिघांचाच नको, शेवटच्यापर्यंत. नावासमोर वेळ. पुढच्या वर्षी त्या पोराला आपली मागची वेळ माहीत असली पाहिजे.

शेवटच्या कलमावर मंडळातल्या एकाला हसू आलं. ‘बाई, एकशे चाळिसावा आला हे फळ्यावर लिहिलं तर त्याला लाज नाही का वाटणार?’ मी त्याला चौगुल्यांची गोष्ट सांगितली. ते एकोणिसावे आले होते. कुणीतरी तेव्हा घड्याळ लावून ते लिहून ठेवलं, म्हणून आज मला ते सांगता आलं.

यंदा जानेवारीत शर्यत झाली. सगळी कलमं पाळली गेली नाहीत, खोटं कशाला सांगू? पाहुणे आलेच, भाषणं झालीच, आणि मुलींचं बक्षीस अजून मुलांच्या निम्मंच आहे. त्यावर माझं भांडण चालू आहे. पण शर्यत सातला दहा मिनिटं कमी असतानाच सुटली. तिन्ही विहिरींपाशी माणसं उभी होती. वायसरही आले, जुन्या जालन्यातल्या एका दुकानदारानं ते फुकट दिले. ११७ सुटले, ११७ परत आले. हा आकडा दोन वेळा मोजून मग फळ्यावर लिहिला.

असो. लेख फार लांबला. बाहेरगावी असलेल्या भाचे-पुतण्यांनो, तुमच्याकडे अशा शर्यती कशा होतात, विहिरी-कुत्र्यांऐवजी तिथे कशाची काळजी घ्यावी लागते, ते जरूर कळवा. आणि पुढच्या जानेवारीत हुरड्याला याल तेव्हा दोन तास आधी या. मार्गावर उभं राहायला माणसं कमी पडतात.